पहिलं एमईजी रेकॉर्डिंग करताय? निम्मं काम शील्डेड रूमच्या बाहेरच होतं

माझ्या पहिल्या एमईजी रेकॉर्डिंगला, म्हणजे मेंदूचं चुंबकीय क्षेत्र डोक्याबाहेरून मोजताना, स्क्रीनवर एक मस्त लाट दिसत होती. साधारण चार सेकंदांनी एकदा वर, मग खाली, पुढच्या बाजूच्या जवळजवळ सगळ्या चॅनेलवर (एक चॅनेल म्हणजे एक सेन्सर). मला वाटलं मेंदूतला काहीतरी संथ रिदम सापडला, मनातल्या मनात पेपरचं नावपण ठरवून झालं. मागे उभा असलेला टेक्निशियन दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "आतल्याला जरा श्वास रोखून धरायला सांग." सांगितलं. लाट सपाट. "दातांमागे तार असणार, विचार." होती, आणि श्वासाबरोबर हलून तीच लाट काढत होती. फॉर्मवर आतल्या माणसाने "अंगावर धातू नाही" असं लिहून दिलं होतं आणि त्यात खोटेपणा काही नव्हता, ती तार इतकी वर्षं तोंडात होती की तो ती विसरूनच गेला होता.

तेव्हापासून मी नवीन आलेल्या प्रत्येकाला एकच सांगते. सॉफ्टवेअर नंतर शिका, आधी माणूस आत जाण्यापूर्वीचा अर्धा तास शिका. इथे चुकलेलं पुढे नीट करता येत नाही, किंवा येतं पण दोन महिने जातात. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय.

१. आधी एवढं डोक्यात ठेवा: आपण नक्की काय मोजतोय

एमईजी म्हणजे मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफी, मेंदूतल्या विजेच्या प्रवाहांमुळे डोक्याबाहेर जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते मोजायचं. एका न्यूरॉनचं (मेंदूतल्या एका पेशीचं) क्षेत्र कुठल्याच सेन्सरला कळत नाही. कॉर्टेक्समधले (मेंदूच्या बाहेरच्या थरातले) पिरॅमिडल न्यूरॉन शेजारी शेजारी एकाच दिशेने उभे असतात, त्यातले हजारो, ढोबळपणे पन्नासएक हजार, एकाच वेळी सिनॅप्सवर (दोन न्यूरॉनच्या जोडणीवर) सिग्नल घेतात तेव्हा त्यांचे छोटे प्रवाह एकमेकांत मिसळतात आणि बाहेर काहीतरी मोजण्याजोगं येतं. ते किती? साधारण १०० फेमटोटेस्ला धरा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ५० मायक्रोटेस्लाच्या आसपास, म्हणजे आपला सिग्नल त्याच्या पन्नास कोटी पट लहान. हृदयाचं क्षेत्रसुद्धा मेंदूपेक्षा शेकडो पट मोठं असतं. त्यात लिफ्ट, बाहेरून जाणारी गाडी, कुणाच्या तरी खिशातल्या किल्ल्या हे सगळं मेंदूपेक्षा मोठ्याने ओरडत असतं.

म्हणून खोली शील्डेड, म्हणजे म्यू-मेटल (बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणारा धातू) आणि ॲल्युमिनियमच्या थरांची, आणि सेन्सर स्क्विड नावाचे, जे सुपरकंडक्टिंग असल्यामुळे द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवावे लागतात. डोक्यावर येतं ते हेल्मेट म्हणजे खरं तर एका मोठ्या थर्मासचा तळ आहे. डेव्हिड कोहेनने १९६८ मध्ये पहिल्यांदा मेंदूचा अल्फा रिदम (दहा हर्ट्झच्या आसपासची लाट) असा पकडला तेव्हा त्याच्याकडे स्क्विड नव्हता, तांब्याच्या तारेचे दहा लाख वेढे असलेली कॉइल होती आणि भरपूर ॲव्हरेजिंग, म्हणजे अनेक मोजमापांची सरासरी. स्क्विड वापरून स्वच्छ रेकॉर्डिंग त्याने १९७२ मध्ये दाखवलं.

आणखी एक गोष्ट, ही परीक्षेत विचारतात म्हणून नाही तर रोज लागते म्हणून: डोक्याच्या पृष्ठभागाला समांतर वाहणारा प्रवाह एमईजीला छान दिसतो, सरळ बाहेरच्या दिशेने असलेला जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे मेंदूच्या घड्यांच्या भिंतींमधलं काम दिसतं आणि घडीच्या माथ्यावरचं बरंचसं हातातून निसटतं. ईईजीला (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून विजेचा सिग्नल मोजतात तो) दोन्ही दिसतात पण कवटीमुळे पसरट होऊन. चुंबकीय क्षेत्राला कवटी आहे की नाही याने फारसा फरक पडत नाही, हीच आपली कमाई.

२. खरंच एमईजी हवंय का?

हा प्रश्न आधी विचारा, कारण मशीनचा वेळ मिळवणं सोपं नाही आणि "आमच्याकडे आहे म्हणून वापरतो" हे कारण नाही. मिलिसेकंदाच्या हिशोबात काय कधी झालं आणि साधारण कुठे झालं, दोन्ही हवं असेल तर एमईजी. फक्त कधी हवं असेल तर ईईजी पुरतं. फक्त कुठे, आणि तेही मेंदूच्या खोल भागात, तर फंक्शनल एमआरआय बघा. हिप्पोकॅम्पस, थॅलॅमस वगैरे खोल जागांचा सिग्नल अंतरामुळे इतका क्षीण होतो की तिथे मोठे दावे करताना शंभरदा विचार करा.

३. कागद आणि सामान

हे आदल्या दिवशी काढून ठेवा, सकाळी नाही.

- एथिक्स कमिटीची मंजुरी, आणि त्यात एमआरआयचाही (सिग्नल मेंदूत कुठून आला ते त्या चित्रावर बसवायला तो लागतो) उल्लेख आहे ना ते बघा (बरेच जण एमईजीपुरतीच घेतात आणि मग अडकतात)
- संमतीपत्र, सहभागी माणसाला समजेल त्या भाषेत
- धातू आणि इम्प्लांटचा फॉर्म, एमआरआयचा वेगळा
- पेशंट असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, चालू औषधांची यादी, आधीचे ईईजी आणि एमआरआय
- धातू नसलेले कपडे, वेगवेगळ्या मापांचे
- मेकअप काढायचे वाइप्स, स्किन प्रेप जेल, टेप, इलेक्ट्रोड
- हेड पोझिशन कॉइल, डिजिटायझर (डोक्यावरचे बिंदू टिपणारं यंत्र) आणि त्याचा पेन
- लागणार असेल तर धातू नसलेल्या फ्रेमचा चष्मा, नंबरांचा सेट
- हार्ड डिस्कवर जागा: ३०६ चॅनेल, सेकंदाला १००० सॅम्पल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे तासाला साडेचार जीबीच्या आसपास

आणि एक वही. हो, कागदाची. किती वाजता माणूस खोकला, कुठल्या ब्लॉकमध्ये पेंगला, कुठला चॅनेल वेडा झाला, हे सगळं त्यात. सहा महिन्यांनी तीच वही कामाला येते.

४. धातूची झडती

फॉर्मवर विश्वास ठेवू नका, माणसावर ठेवा पण फॉर्मवर नको. "धातू आहे का?" असं विचारलं की लोक अंगठी आणि घड्याळ आठवतात. एकेक जागा घेऊन विचारा. केसांत पिन, क्लिप, रबर बँडवरची ती बारीक धातूची पट्टी? केसांना रंग? मस्कारा, आयलायनर? (त्यात लोहाचे कण असतात आणि पापणी हलली की सिग्नल उडी मारतो.) दातांच्या मागे तार? ब्रेसेस? ब्राची वायर? पँटचं बटण, झिप? टॅटू, विशेषतः मानेवर चेहऱ्यावर? कानात श्रवणयंत्र? पेसमेकर, व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर? पेसमेकर वगैरे असेल तर तिथेच थांबून डॉक्टरांना विचारा, स्वतः ठरवू नका.

मग दोन मिनिटांची चाचणी. माणसाला हेल्मेटखाली बसवा आणि स्क्रीन बघत एकेक सांगा: दीर्घ श्वास घ्या, डोळे मिचकावा, जबडा उघडा-मिटा, खांदे हलवा. श्वासासोबत लाट आली तर छाती किंवा तोंड, मिचकावताना प्रमाणाबाहेर उडी आली तर मेकअप. दोन मिनिटांत कळतं आणि तासाभराचं रेकॉर्डिंग वाचतं.

एमआरआय त्याच दिवशी असेल तर एमईजी आधी, एमआरआय नंतर. उलटं केलंत तर एमआरआयच्या जबरदस्त मॅग्नेटमुळे दातातली भरणं, तारा चुंबकीय होऊन बसतात आणि मग एमईजीत तेच दिसत राहतं. ही चूक दरवर्षी कुणीतरी करतंच, कारण एमआरआयचा स्लॉट सकाळचा मिळतो आणि आपण खूश होऊन घेऊन टाकतो.

५. रिकाम्या खोलीचं रेकॉर्डिंग

माणूस नसताना, दार लावून, दोन ते पाच मिनिटं. त्याच दिवशी आणि त्याच सेटिंगवर. खोलीतला आणि सेन्सरचा नॉइज कसा आहे ते यातून मिळतं आणि पुढे सोर्स (सिग्नल मेंदूत कुठून आला ती जागा) काढताना नॉइज कोव्हेरियन्स (कुठल्या सेन्सरचा नॉइज किती आणि एकमेकांशी किती जुळतो त्याचा तक्ता) यातून बनवतात, विशेषतः रेस्टिंग स्टेट (काही काम न देता नुसतं बसवून केलेलं रेकॉर्डिंग) असेल तर दुसरा पर्यायच नाही. "नंतर करू" म्हणालात की राहिलंच समजा. मी माणूस यायच्या आधीच करून टाकते, तेवढ्यात कुठला चॅनेल खराब आहे तेही कळतं. एखादा स्क्विड अडकलेला असेल (आत चुंबकीय क्षेत्र कोंडलं असेल) तर तो ट्यून करायला किंवा गरम करून रीसेट करायला टेक्निशियनला वेळ मिळतो. स्वतः हात लावू नका.

६. डिजिटायझेशन, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त लोक घाई करतात

हेल्मेट जागेवर असतं, डोकं आत कुठेही असू शकतं. डोकं कुठे होतं हे कळण्यासाठी कपाळावर आणि कानांमागे चार-पाच कॉइल चिकटवतात, त्यातून बारीक प्रवाह जातो आणि सेन्सर त्यांची जागा शोधतात. पण त्या कॉइल डोक्यावर कुठे आहेत हे आधी पेनने टिपून द्यावं लागतं. क्रम असा: नाकाच्या वरचा खळगा म्हणजे नेझिऑन, डाव्या कानापुढचा बिंदू, उजव्या कानापुढचा बिंदू, मग सगळ्या कॉइल, मग डोक्यावर आणि नाकाच्या दांड्यावर मिळून शंभरेक बिंदू.

माझा अनुभव सांगते. एकदा उजव्या कानाशी पेन घसरला, मी "चालेल" म्हणून पुढे गेले. साधारण सेंटिमीटरभर चूक होती. रेकॉर्डिंग छान झालं, ॲव्हरेज छान आलं, आणि दोन महिन्यांनी एमआरआयवर डोकं बसवायला गेले तर ते तिरकं बसायला लागलं, एका बाजूचे बिंदू त्वचेच्या आत आणि दुसऱ्या बाजूचे हवेत. डोक्यावरचे बाकीचे बिंदू भरपूर घेतले होते म्हणून त्यांच्यावरून जुळवाजुळव करता आली, नाहीतर तो सगळा डेटा फक्त सेन्सरच्या नकाशापुरताच उरला असता.

तर:
- तिन्ही मुख्य बिंदू दोनदा टिपा, दोन वेळच्या टिपणात दोनेक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा घ्या.
- नाकाचे बिंदू नक्की घ्या. डोकं गोल असतं आणि गोल गोष्ट कशीही फिरून बसते, नाकामुळे ती अडकते.
- बिंदू गालाच्या मऊ भागावर घेऊ नका, दाबलं की आत जातात.
- कॉइल हेल्मेटच्या आत येतील अशा उंचीवर लावा. फार खाली लावलेली कॉइल मशीनला सापडत नाही.

डोळ्यांसाठी आणि हृदयासाठी इलेक्ट्रोड लावायला विसरू नका (ईओजी आणि ईसीजी). याशिवाय साफसफाई होते, पण अंदाजपंचे.

७. आत बसवणं

डोकं हेल्मेटला वर टेकेपर्यंत सीट वर घ्या. इथे लोक लाजतात आणि माणूस दोन सेंटिमीटर खालीच राहतो, आणि सिग्नल अंतराच्या वर्गाच्या हिशोबाने झपाट्याने पडतो. मध्ये हळूहळू खाली सरकणारे पण असतात, त्यामुळे पाय टेकलेत ना, पाठीला उशी आहे ना बघा. लहान मुलांना मोठ्यांचं हेल्मेट सैल होतं, ती एका बाजूला टेकतात आणि दुसऱ्या बाजूचा सिग्नल गेला.

दार लावण्याआधी सांगा: इंटरकॉम चालू आहे, मला तुम्ही दिसताय, कधीही थांबवू शकता. मशीन तुमच्यात काहीही सोडत नाही, आवाजही करत नाही, फक्त ऐकतं. जड दार लागताना घाबरणारे बरेच असतात आणि हे एक वाक्य खूप उपयोगी पडतं.

८. ट्रिगर आणि उशीर

ट्रिगर म्हणजे चित्र किंवा आवाज कधी दिला याची रेकॉर्डिंगमध्ये पडणारी खूण. कॉम्प्युटरने "आता चित्र दाखव" म्हटलं आणि चित्र दिसलं या दोन वेगळ्या वेळा आहेत. प्रोजेक्टर ६० हर्ट्झचा असेल तर एकेक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, आणि उशीर एक फ्रेम आहे की तीन ते मशीनमशीनवर ठरतं. म्हणून स्क्रीनच्या कोपऱ्यात पांढरा चौकोन दाखवून त्यावर फोटोडायोड (उजेड ओळखणारा सेन्सर) लावा आणि मोजा. आवाज खोलीत हवेच्या नळीतून जातो, कारण स्पीकरमध्ये मॅग्नेट असतो, आणि नळीत आवाजाला मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. पाच मीटर नळी म्हणजे १५ मिलिसेकंद आपोआप गेले. ठरावीक उशीर असेल तर नंतर वजा करता येतो, दर वेळी बदलणारा असेल तर तुमचं ॲव्हरेज पसरट होणार आणि तिथे काही इलाज नाही.

पायलट न करता थेट खरं रेकॉर्डिंग करू नका. दहा ट्रायल घ्या (एकदा चित्र किंवा आवाज देणं म्हणजे एक ट्रायल), फाइल उघडा, ट्रिगर मोजा. दहाच आलेत ना?

९. रेकॉर्डिंग चालू असताना

स्क्रीनकडे बघा, फोनकडे नाही. पाठीमागच्या चॅनेलवर दहा हर्ट्झच्या आसपास अल्फा फुलायला लागला की माणूस पेंगतोय किंवा डोळे मिटलेत. ब्लॉक पाच ते आठ मिनिटांचे ठेवा, मध्ये बोला. प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीला डोक्याची जागा बघा, ५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला असेल तर वहीत लिहा. किती ट्रायल लागतील? नॉइज ट्रायलच्या वर्गमुळाने कमी होतो, १०० ट्रायलला दहापट, आणि पुढे दुप्पट फायदा हवा असेल तर ४०० लागतात. तोपर्यंत माणूस झोपलेला असतो.

१०. साफसफाईचा क्रम

सॉफ्टवेअर एमएनई-पायथन, फील्डट्रिप, ब्रेनस्टॉर्म यातलं कुठलंही घ्या, तिन्ही फुकट आहेत. शेजारच्या टेबलावरचा जे वापरतो ते घ्या, कारण अडल्यावर त्यालाच विचारणार आहात. कच्ची फाइल आधी कॉपी करून लॉक करा.

क्रम महत्त्वाचा:
१. खराब चॅनेल हाताने शोधा आणि मार्क करा. हे मॅक्सवेल फिल्टरच्या (डोक्याबाहेरून आलेलं क्षेत्र वेगळं करून काढणारा फिल्टर) आधी. नाहीतर एका चॅनेलचा कचरा तो फिल्टर सगळीकडे पसरवतो.
२. मशीन त्या प्रकारचं असेल तर मॅक्सवेल फिल्टर, दातांची तार वगैरे असेल तर त्याचं टाइमवालं रूप. त्यातली खिडकी (एका वेळी घेतलेला डेटाचा तुकडा) १० सेकंदांची ठेवली तर ०.१ हर्ट्झच्या खालचंही जातं, हे लक्षात असू द्या.
३. फिल्टर. विजेच्या तारांचा ५० किंवा ६० हर्ट्झ नॉच करून काढा. हाय-पास (ठरवलेल्या आकड्याखालच्या संथ लाटा काढणारा फिल्टर) फार वर नेऊ नका, १ हर्ट्झला लावला की संथ रिस्पॉन्सच्या आधी खोटा खड्डा तयार होतो आणि स्टिम्युलस (दिलेलं चित्र किंवा आवाज) यायच्या आधीच मेंदूला कळलं असं वाटायला लागतं.
४. आयसीए (मिसळलेले सिग्नल वेगवेगळ्या कॉम्पोनंटमध्ये सोडवणारी पद्धत), डोळे आणि हृदय काढायला. आयसीए बसवताना १ हर्ट्झ हाय-पास केलेली वेगळी कॉपी वापरा, मग तो मूळ डेटावर लावा. मॅक्सवेल फिल्टरनंतर ३०६ चॅनेल दिसतात पण स्वतंत्र माहिती सत्तरएक चॅनेलचीच उरते, त्यापेक्षा जास्त कॉम्पोनंट मागू नका.

११. नकाशा वाचताना

इथे मी स्वतः महिनाभर चुकत होते म्हणून सांगते. आवाज ऐकवल्यावर १०० मिलिसेकंदांच्या आसपास जो मोठा रिस्पॉन्स येतो तो मॅग्नेटोमीटरच्या (क्षेत्र थेट मोजणाऱ्या सेन्सरच्या) नकाशावर दोन डाग म्हणून दिसतो, एक लाल एक निळा. मला वाटायचं दोन जागा काम करतायत. नाही हो. प्रवाहाभोवती क्षेत्र गोल फिरतं, एका बाजूने बाहेर येतं, दुसऱ्या बाजूने आत जातं, आणि खरा सोर्स त्या दोन डागांच्या मधे, जिथे रंग काहीच नाही तिथे असतो. प्लेनार ग्रेडिओमीटरमध्ये (शेजारच्या दोन जागांच्या क्षेत्रातला फरक मोजणारा सेन्सर) मात्र डाग सरळ सोर्सच्या वरच येतो. दोन्ही शेजारी ठेवून बघा, एकदा कळलं की कळलं. मॅग्नेटोमीटरचं युनिट टेस्ला आणि ग्रेडिओमीटरचं टेस्ला प्रति मीटर, म्हणून दोन्हीचे आकडे एका आलेखात टाकू नका.

आणि सोर्सच्या रंगीत मेंदूवर लगेच भाळू नका. बाहेरून मोजलेल्या एकाच क्षेत्राला आतली उत्तरं अगणित असू शकतात, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच सांगून ठेवलंय. सॉफ्टवेअर त्यातलं एक निवडतं, कुठल्या गृहीतकावर निवडतं ते तुम्हाला माहीत हवं.

१२. पेशंट असेल तर

दवाखान्यात एमईजी मुख्यतः दोन कामांना: एपिलेप्सीच्या (अपस्माराच्या) सर्जरीआधी झटके कुठून सुरू होतात ते शोधायला, आणि ऑपरेशनच्या जागेच्या आसपास हाताचा, भाषेचा भाग कुठे आहे ते नकाशावर दाखवायला. हाताच्या नसेला हलका करंट दिला की २० मिलिसेकंदांच्या आसपास येणारा रिस्पॉन्स सेंट्रल सल्कसची (मेंदूच्या मधल्या मोठ्या खाचेची) मागची भिंत दाखवतो, सर्जनला ती हवी असते.

एपिलेप्सीत दोन झटक्यांच्या मधले स्पाइक (क्षणभराच्या टोकदार लाटा) पकडायचे असतात, झोपेत ते जास्त येतात, म्हणून आदल्या रात्री कमी झोपून यायला सांगतात. औषधं मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अजिबात बंद करायची नाहीत, नातेवाइकांनी "टेस्ट चांगली यावी म्हणून" बंद केली असंही होतं. सोबत ईईजी लावाच. डायपोल (सोर्स म्हणून धरलेला एक छोटा प्रवाह) बसवताना स्पाइकच्या टोकावर नाही, चढत्या बाजूवर बसवा, टोकापर्यंत तो पसरलेला असू शकतो. आणि स्पाइक दिसले नाहीत म्हणजे आजार नाही असं कुणालाही बोलू नका. त्या तासाभरात आले नाहीत, एवढंच त्यातून कळतं.

१३. नवीन सेन्सरवर काम मिळालं तर

ओपीएम (ऑप्टिकली पंप्ड मॅग्नेटोमीटर), म्हणजे रुबिडियमच्या वाफेवर लेझर टाकून क्षेत्र मोजणारे छोटे सेन्सर. हेलियम नको, टोपीसारखं डोक्यावर बसतं, डोकं हललं तरी चालतं, मुलांसाठी तर वरदान. २०१८ मध्ये नॉटिंगहॅमच्या टीमने असं घालून फिरता येणारं एमईजी दाखवलं आणि तेव्हापासून सगळे त्याच्या मागे. पण धातूची झडती, रिकामी खोली, ट्रिगर हे सगळं तसंच लागतं, वर दोन कामं वाढतात. सेन्सर शून्याजवळच्या क्षेत्रातच नीट चालतात, म्हणून खोलीत उरलेलं पृथ्वीचं क्षेत्र कॉइलने मारावं लागतं. आणि प्रत्येक सेन्सर डोक्यावर कुठे आणि कुठल्या दिशेला तोंड करून बसलाय ते वेगळं मोजावं लागतं, टोपी थोडी सरकली की सगळं सरकलं. आतली वाफ गरम ठेवलेली असते, बाहेरून इन्सुलेशन असतं तरी दर दहा मिनिटांनी विचारत जा, कुठे चटका बसतोय का. लोक संकोचाने सांगत नाहीत.